ज्ञानू काळेलचा चौथा नंबर

सांगलीतल्या एका संगणकाच्या दुकानदारानं खोक्यातून जॉयस्टिक काढली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "घ्या, धरून बघा." ज्ञानू काळेलनं ती डाव्या हातानं धरली. तळहातात बसायचा फुगवटा बोटांखाली आला. अंगठा टेकायची खाच उलट्या अंगाला राहिली. वरच्या बटणांपर्यंत पोचायचं तर मनगट असं मुरडावं लागत होतं की पाच मिनिटांत कळ यावी. हे उजव्या हाताच्या मापाचं आहे, डाव्या हाताला चालेल असं दाखवा, ज्ञानू म्हणाला. तेव्हा कुठं दुकानदाराचं लक्ष त्याच्या उजव्या बाहीकडं गेलं. बाही कोपराच्या खाली दुमडून पिन लावलेली होती. दुकानदार जरा घुटमळला आणि मग म्हणाला, "होईल हो सवय."

ज्ञानूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक शब्द न बोलता तो दुकानाबाहेर पडला, कारण बोलायला लागला असता तर काउंटरची काच शाबूत राहिली नसती.

आता कुणी म्हणेल, एवढ्यातेवढ्यावरून माणसानं किती तापावं! म्हणणाऱ्यानं आधी ज्ञानूच्या सवयींची कहाणी ऐकून घ्यावी.

ज्ञानू म्हसवडजवळच्या एका वाडीतला. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्याच्या वेळेपर्यंत मेंढरं कमी होत गेली आणि गोठ्यात दोन जर्सी गाई आल्या, रानात थोडी ज्वारी, थोडं डाळिंब. पोरगं जन्मानं डावखुरं. जेवायला बसलं की डावा हात ताटात, प्रसाद घ्यायला डावा हात पुढं, पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यायचा तर तोही डाव्या हातानं. लोक हसायचे, नाकं मुरडायचे, आणि बोल लागायचा तो आईला. त्याच्या आईनं, धोंडुबाईनं, त्यावर उपाय काढला. जेवणाच्या वेळी पोराचं डावं मनगट चिंधीनं त्याच्याच करदोड्याला बांधून टाकायची. पोरगं रडायचं, ताटाला लाथ मारायचं. "हुईल सवं," ती म्हणायची.

आणि झाली की सवय. ज्ञानू उजव्या हातानं जेवू लागला, लिहू लागला, गुरुजींचा मारही उजव्या हातावरच घेऊ लागला. पण सवय लावलेला हात वेगळा आणि आपला हात वेगळा, हे घाईच्या वेळी कळतं. सोळाव्या वर्षी तो कडबाकुट्टीच्या यंत्रात वैरण सारत होता. एक पेंढी अडकली, त्यानं उजव्या हातानं जोर दिला, पेंढी सुटली आणि तिच्यामागं हात गेला. डावा असता तर वेळेवर मागं आला असता, असं ज्ञानूला वाटतं. खरं की खोटं, ते कुणी सांगावं? पण त्याला तसं वाटतं, आणि तेरा वर्षं झाली वाटतंय. मायलेक त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. ज्या डाव्या हाताला घरात मज्जाव होता, त्याच हातानं दुसऱ्या दिवशीपासून सगळं करायचं होतं, आणि तेव्हा मात्र कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. याचा ज्ञानूला सगळ्यात जास्त संताप येतो.

आता तो कराडला लागून असलेल्या मलकापुरात राहतो. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात काम करतो. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, भरती, पीकविमा, लोक सांगतील ते एका हातानं भराभर भरतो. गिऱ्हाईक म्हणतं, वा, एका हातानं किती पटपट करता हो. ज्ञानू मान वर करत नाही. दोन हातवाल्याला कुणी असं म्हणालेलं त्यानं अजून ऐकलेलं नाही.

दुकानाच्या दारातून कराडच्या धावपट्टीवरून उठलेली शिकाऊ विमानं दिसायची. एका रविवारी त्यानं संगणकावर विमान उडवायचा खेळ घातला. खरं तर त्याला खेळ म्हणणं चूक आहे. त्यात वारा खराखुरा वाहतो, वजन जाणवतं, चूक केली की विमान आपटतं. ज्ञानू तीनशे फुटांवरून झाडीत आपटला, आणि त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. विमानाला समोरच्याला किती हात आहेत याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. नाक किती वर आहे, वेग किती आहे, एवढंच ते विचारायचं. इतका सरळ हिशेब ज्ञानूच्या वाट्याला कधी आला नव्हता.

पण माउसनं विमान उतरवता येत नाही. उतरताना दोन गोष्टी एकदम कराव्या लागतात. एका हातानं नाक हळूहळू उचलायचं, आणि त्याच वेळी थ्रॉटलचा दांडा मागं घेत इंजिनाची ताकद उतरवायची. थ्रॉटल संगणकावर सोडून दे, एका हातात जेवढं मावतं तेवढंच कर, असा सल्ला त्याला इंटरनेटवर एकानं दिला. ज्ञानूनं त्याला लांबलचक उत्तर लिहिलं आणि मग पुसलं, कारण त्यात सभ्य म्हणावा असा एकही शब्द नव्हता. उजव्या कोपराच्या खाली अजून वीतभर हात शिल्लक होता. तोही त्याचाच होता. तो घरी ठेवून यायचा कशासाठी?

सांगलीच्या दुकानातून तो रिकाम्या हातानं परतला आणि मग महिनाभर शोधत बसला. शेवटी दोन्ही अंगांनी सारखी असलेली, म्हणजे कुठल्याही हातानं धरता येणारी जॉयस्टिक त्यानं पोस्टानं मागवली. तिची मूठ पिळली की विमानाचं नाक डावी-उजवीकडं वळायचं, त्यामुळं पायात वेगळी पॅडलं नकोत. थ्रॉटल मात्र तिच्या बुडाला, बोटभर दांडीचा. तो धरायचा तर मूठ सोडावी लागे, आणि जमीन जवळ आल्यावर मूठ सोडणं म्हणजे विमान रामभरोसे टाकणं. म्हणून त्यानं एक जुना वेगळा थ्रॉटल मिळवला आणि टेबलाच्या उजव्या कडेला शिकंज्यानं आवळला. त्याच्या दांड्यावर आधी रबरी चेंडू कापून बसवला. उरलेला हात त्यावरून सटकायचा. मग पाण्याच्या पाइपाचं रुंद टोपण बसवलं आणि त्याला आतून घोंगडीच्या तुकड्याचं अस्तर लावलं. घोंगडी टोचायची, पण घामानं घसरायची नाही. चाकं खाली सोडायची आणि पंखांच्या झडपा उघडायची बटणं राहिली होती. त्यासाठी एक जुना कीबोर्ड जमिनीवर ठेवला, चार सोडून बाकी सगळ्या कळा उपटून टाकल्या आणि त्या चार पायाच्या अंगठ्यानं दाबायला शिकला. हे सगळं जमायला पावसाळा गेला. कुणीही मदतीला नव्हतं, आणि ज्ञानूला ते बरंच वाटलं.

दिवाळीनंतर सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं स्पर्धा जाहीर केली. संगणकावर विमान उतरवायचं, आडवा वारा, आखूड धावपट्टी, प्रत्येकाला तीन उतरणी, सोळा वर्षांपुढच्या कुणालाही प्रवेश. ज्ञानूनं फॉर्म उघडला. फॉर्मात एक चौकोन होता, आपण दिव्यांग आहात का? रोज शंभर जणांचे फॉर्म भरणारा माणूस तो. त्याला वाटलं, होय म्हटलं की आपली साधनं बरोबर आणू देतील. त्यानं खूण केली. तेवढी एकच चूक त्याच्याकडून झाली.

दोन दिवसांनी कॉलेजमधून प्राध्यापक धैर्यशील सरांचा फोन आला. माणूस गोड बोलणारा. आईंनाही जरूर घेऊन या म्हणाले. माझी जॉयस्टिक आणि बाकीचं सामान आणू का, असं ज्ञानूनं विचारलं. आणा आणा, लोकांना बघायला मिळेल, सर म्हणाले. लोकांना बघायला कशाला मिळायला हवं, हा प्रश्न ज्ञानूला तेव्हा पडला नाही. आनंदात माणूस जरा मंदच होतो.

धोंडुबाई आदल्या दिवशी म्हसवडहून आली. सकाळच्या एसटीनं दोघं सांगलीला निघाले, सामान खताच्या रिकाम्या पोत्यात घालून. कॉलेजच्या फाटकावरच ज्ञानूला आपला चेहरा दिसला, चांगला दहा फुटांचा. फॉर्मला लावलेला फोटो फ्लेक्सवर छापून खाली लिहिलं होतं, 'दुर्दम्य इच्छाशक्तीचा महामेरू.' धोंडुबाई तोंडाला पदर लावून फ्लेक्सकडं बघत राहिली. ज्ञानू आत गेला. फळ्यावर स्पर्धकांची नावं होती, चाळीस. त्यानं दोनदा वाचली. त्याचं नाव त्यात नव्हतं.

धैर्यशील सर हात जोडूनच आले. ज्ञानूनं विचारलं, माझं नाव कुठाय? सर म्हणाले, तुमचं नाव पत्रिकेत आहे, सत्कारमूर्ती म्हणून. ज्ञानू म्हणाला, मी उडवायला आलोय. मग सरांनी नियम सांगितला. सगळ्यांना एकच जॉयस्टिक, तीही उजवीकडं टेबलाला पक्की केलेली, म्हणजे कुणावर अन्याय नको. ज्ञानूनं पोत्यातून आपली मांडणी काढून दाखवली. माझी जॉयस्टिक विमानाला स्वतःहून खाली उतरवत नाही, तेवढंच काम करते जेवढं तुमची करते, फक्त माझ्या हाताला, असं त्यानं समजावलं. सर कौतुकानं हसले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला स्पर्धेच्या भानगडीत पडता? तुम्ही तर जिंकलेलेच आहात."

ज्ञानूच्या डोळ्यांपुढं लाल झालं. न उडवताच जिंकलेला! मेलेल्या माणसाला असं म्हणतात. त्यानं खांद्यावरचा हात झटकला, पण तेवढ्यात चार पोरं आली आणि त्याला व आईला हाताला धरून मंचावर घेऊन गेली.

आपल्याकडं माणसाचं करायचं काय हे कळलं नाही की त्याचा सत्कार करतात. आधी फेटा बांधला, तो सैल, डोळ्यांवर येणारा. मग शाल. मग श्रीफळ, ते ज्ञानूनं डाव्या हातात घेतलं. मग गुलाब, तो कुठं घ्यायचा? पोरानं तो नारळावर ठेवला. मग काचेची फ्रेम. ती देणारे पाहुणे फोटोसाठी कॅमेऱ्याकडं बघत फ्रेम पुढं धरून उभे राहिले, आणि हा माणूस दुसऱ्या कुठल्या हातानं ती घेणार आहे हे तीनशे लोकांत एकाच्याही ध्यानात आलं नाही. शाल घसरून पायात पडली. ती उचलायला तिघं वाकले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या माणसाच्या हाताबद्दल सगळे इतकं भरभरून बोलत होते, त्याच्या हाताकडं कुणी बघतच नव्हतं. ज्ञानूनं दात आवळून धरले.

मग निवेदकानं माइक धोंडुबाईपुढं धरला. धन्य त्या माउलीनं दोन शब्द बोलावेत. ती बोलणार नाही, असं ज्ञानूला वाटलं. जन्मात कधी माइकपुढं उभी राहिली नव्हती.

"माजा ल्योक डावखुरा जन्मला," ती म्हणाली. "लोकं हसत्यात म्हून म्या त्येचा डावा हात बांदून ठिवायची. उजव्या हाताची सवं लावली. त्या उजव्या हाताचं काय झालं, ते तुमी बगताच. ते माज्यामुळं झालं." सभागृहात कुणीतरी खोकलं. धोंडुबाई थांबली नाही. "म्या आडानी हुते. तुमी शिकल्याली हायसा. ह्यो इमान चालवाया आलाय आन् तुमी त्येच्या हातात नारळ दिलाय. बांदलाच की हात परत. सोडा त्येला."

माइक तिनं निवेदकाच्या हातात दिला आणि खुर्चीत जाऊन बसली. ज्ञानूला तिच्याकडं बघवेना. तेरा वर्षं जे ऐकायचं होतं, ते तिनं तीनशे परक्या माणसांदेखत सांगून टाकलं होतं. त्याला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाही राग येत होता.

परीक्षक म्हणून विमान उडवायला शिकवणाऱ्या क्रांती मॅडम आल्या होत्या. त्या उठल्या, खाली ठेवलेल्या पोत्यापाशी गेल्या, मांडणी बघितली, टोपणात आपली मूठ घालून दांडा मागं-पुढं केला. मग धैर्यशील सरांना म्हणाल्या, "आमच्या शिकाऊ विमानात डावीकडच्या खुर्चीत बसणाऱ्याचा डावा हातच सुकाणूवर असतो आणि उजवा थ्रॉटलवर. ह्यांनी केलंय ते बरोब्बर तसंच आहे. उलटं तुम्ही लावलंय." पोरांत हशा पिकला.

सरांचे कान लाल झाले. त्यांनी मधला मार्ग काढला, म्हणजे जो कुणाच्याच घरी जात नाही तो. ज्ञानूरावांनी प्रात्यक्षिक करून दाखवावं, गुण मात्र धरायचे नाहीत. ज्ञानूनं डोक्यावरचा फेटा काढून टेबलावर ठेवला.

"गुन देनार असाल तर बसतो," तो म्हणाला. "शून्य आलं तर शून्य ल्ह्या. पर ल्ह्या."

मॅडमनी फळ्यावर एकेचाळिसावं नाव स्वतः लिहिलं.

त्याची पाळी शेवटची आली. पहिली उतरण सुरू झाली. समोर धावपट्टी, मागं तीनशे माणसं, आणि डोक्यात अजून आईचे शब्द. त्यानं घाई केली, ताकद जमिनीच्या बरीच वर असताना काढून घेतली, आणि विमान धप्पकन आपटून उसळलं. मागून "अरेरे" ऐकू आलं. त्या अरेरेनं त्याचं डोकं ठिकाणावर आणलं. दुसऱ्या वेळी विमान बरं उतरलं. तिसऱ्या वेळी वारा उजवीकडून रेटत होता. ज्ञानूनं मूठ हळूहळू पिळत नाक सरळ केलं, टोपणातला हात जरा जरा मागं घेत गेला, आणि चाकं बरोबर मधल्या पांढऱ्या रेषेवर टेकली. टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. ज्ञानू मात्र पहिल्या उतरणीवरच जळत बसला. ती कुणी बिघडवली नव्हती, त्याची त्यानंच बिघडवली होती.

गुणांची बेरीज झाली. बक्षिसं तीन आणि एक उत्तेजनार्थ. ज्ञानू चौथा होता. फळ्यावर आकडे सगळ्यांना दिसत होते. पण धैर्यशील सर उठले आणि त्यांचा आवाज भरून आला. ज्ञानूरावांना आम्ही नंबरात कसं मोजणार, असं म्हणत त्यांनी जाहीर केलं की त्यांना विशेष 'जिद्द पुरस्कार' देण्यात येत आहे. ट्रॉफी पहिल्या नंबरापेक्षा उंच होती. आणि उत्तेजनार्थचं प्रमाणपत्र पाचव्या नंबरच्या अंकिताला, ती आष्ट्याची. अंकिता हसत हसत मंचाच्या पायऱ्या चढू लागली.

ज्ञानू तिच्या आधी मंचावर पोचला. ट्रॉफीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"उत्तेजनार्थ माजं हाय," तो म्हणाला. "मी चौथा आलोय. पयली उतरन चुकली म्हून चौथा. चुकली नसती तर दुसरा आलो असतो. त्यो जिद्दीचा तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, मला चौथा नंबर द्या."

सर कुजबुजले, अहो ही ट्रॉफी केवढी आहे बघा तरी. ज्ञानूनं हात पुढं केला, डावा, आणि तो तसाच धरून उभा राहिला. सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम फळ्याकडं बघत होत्या. शेवटी सरांनी प्रमाणपत्रावर लिहिलेलं अंकिताचं नाव खोडलं, वर ज्ञानूचं लिहिलं आणि तो कागद त्याच्या हातात दिला. टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. अंकिता तिसऱ्या पायरीवरून खाली उतरली.

सभागृह रिकामं होताना ज्ञानू खुर्चीखाली वाकून तारा गुंडाळत होता. अंकिता येऊन समोर उभी राहिली. चेहरा फुगलेला, डोळ्यांत पाणी, आवाज मात्र चढलेला.

"तुमाला एवढी मोठी ट्रॉफी देत हुते," ती म्हणाली. "ती घ्यायची सोडून माझं सर्टिफिकेट घेतलंसा."

"तुजं नव्हतंच ते."

"अर्ध्या गुणानं गेलं. आन् पहिली उतरन तर तुमी आपटली. मी एकबी आपटली न्हाई."

"आपटली न्हाईस, पर दुसरी किती लांब गेली तुजी? निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकलीस."

ते खरं होतं. पुढच्या वर्षी बघतेच तुमाला, असं म्हणून ती तरातरा निघून गेली. एवढ्या वेळात तिनं त्याच्या रिकाम्या बाहीकडं एकदाही बघितलं नव्हतं. ज्ञानू हातात तारा घेऊन तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिला.

धोंडुबाई पोतं उघडं धरून बसली होती. तिनं विचारलं, ती पोरगी कशापायी भांडत हुती रं?

"चिडलीया माज्यावर," ज्ञानू म्हणाला. "तिचा नंबर घालवला मी."

"मग दात का काढतोस?" आई म्हणाली.